पसंतीक्रम भरताना



सीईटी आणि नीटचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामाच्या कचेरीसमोरच्या बाकावर वेगळीच गर्दी होते. एरव्ही तेथे बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी किंवा लग्नाच्या घोषणांसाठी लोक बसलेले असतात. या दिवसांत मात्र आईवडील कॉलेजांच्या यादीचा कागद घेऊन येतात आणि विचारतात, "फादर, एक नंबरले कोनतं टाकू?" आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, अभियांत्रिकी नाही. कोणत्या कॉलेजात कोणती शाखा चांगली, हे आम्ही सांगू शकत नाही. पण कोणते नाव वर आणि कोणते खाली हे ठरवताना घरात जे बोलले जाते, त्याविषयी चार शब्द सांगणे हे आमचे कामच आहे.

दोन घरांची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

पहिल्या घरातील मुलाला पुण्याचे नामवंत कॉलेज मिळेल इतके गुण होते. त्याने अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकले. पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. त्यामुळे घरात वादळ उठले. मामा म्हणाले, "पोट्टं येडं झालं." मुलाने शांतपणे सांगितले की त्याला हवी ती शाखा येथे मिळते, पुण्यात दुसरी घ्यावी लागली असती, आणि बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायला कोणीतरी लागते. कोणी त्याला थांब म्हटले नव्हते. आई तर पुण्याला जाच म्हणत होती.

दुसऱ्या घरातील मुलीला पुण्याला फर्ग्युसनमध्ये संख्याशास्त्र शिकायचे होते आणि प्रवेश मिळण्यासारखा होता. वडिलांनी तिचे नाव अकोल्याच्या कॉलेजात घातले, कारण तेथे मावशी राहते आणि पोरगी डोळ्यांसमोर राहील. तिच्या थोरल्या भावाला दोन वर्षांपूर्वी बँकेचे कर्ज काढून पुण्याला पाठवले आहे, त्याला तिच्यापेक्षा गुण कमी होते. आम्ही विचारले तेव्हा वडील म्हणाले, "आपन साधी मानसं, फादर. प्रभूनंच सांगतलं ना, खालच्या जागी बसा म्हनून."

कागदावर दोन्ही निर्णय सारखेच दिसतात. दोघांनीही पुणे सोडून जवळचे, कमी नावाचे कॉलेज घेतले. पण दुसऱ्या घरातील ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही, कारण त्यात शुभवर्तमानाचा आधार घेतला होता.

तो दाखला संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आहे. येशू एका प्रतिष्ठित परुश्याच्या घरी जेवायला गेला होता. पाहुणे मानाच्या जागा कशा धरतात हे पाहून तो बोलला. म्हणजे ज्यांना वरची जागा मिळू शकते आणि जे तिच्यासाठी पुढे पुढे करतात, त्यांना त्याने थांबवले. दाराबाहेर उभ्या असलेल्यांना त्याने खाली बसायला सांगितले नाही. उलट त्याच जेवणात त्याने यजमानाला सांगितले की गरीब, लंगडे, आंधळे यांना आत बोलाव. आणि दाखल्यातला यजमान खाली बसलेल्या पाहुण्याला वर बोलावतो, हेही आपण विसरतो. दुसऱ्याला उचलून खालच्या जागी बसवणे आणि त्याला नम्रता म्हणणे, याला त्या दाखल्यात कोठेच आधार नाही. आपल्या घरांत बहुतेक वेळा ज्याला असे बसवले जाते ती मुलगी असते, हे स्पष्ट सांगायला हवे.

संत थॉमस अक्वायनस यांनी याविषयी फार नेमके लिहून ठेवले आहे. त्यांच्या मते नम्रता आणि मनाचा मोठेपणा हे दोन्ही सद्गुण आहेत आणि ते एकमेकांच्या विरोधात जात नाहीत. देवाने दिलेली शक्ती ओळखून मोठ्या कामाला हात घालणे हा मनाचा मोठेपणा. तसे न करता, जमण्यासारखे असूनही मागे सरणे याला ते मनाचा कोतेपणा म्हणतात आणि त्याची गणना पापात करतात. उदाहरण म्हणून ते देतात आपल्याला माहीत असलेला चाकर, ज्याने धन्याची रक्कम जमिनीत पुरून ठेवली. भित्रेपणाने निवडलेली खालची जागा ही त्या चाकराच्या खड्ड्यासारखी आहे.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे पुणे या शब्दाचीच एक भुरळ आहे. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने पोरगं गेलं म्हणजे ते शिकलंच, असे आपण धरून चालतो. मानांकनाच्या यादीत कॉलेज कितवे, हे आता लहान भावंडांनाही पाठ असते. केंद्र सरकारची ही यादी, जिला एनआयआरएफ म्हणतात, २०१६ पासून निघते. तिच्यात गुण कसे देतात ते पाहा. अध्यापन आणि साधने यांना ३० टक्के, संशोधनाला ३०, निकाल आणि पुढील वाटचालीला २०, सर्व थरांतील विद्यार्थ्यांना सामावून घेण्याला १० आणि लोकांच्या मनातील प्रतिमेला १०. म्हणजे दहावा हिस्सा लोक काय म्हणतात याचा आहे. प्राध्यापकांचे संशोधन निबंध पहिल्या वर्षाच्या मुलाच्या वाट्याला फारसे येत नाहीत. यादी खोटी नाही, पण ती संस्थेला मोजते. आपल्या मुलाला ती ओळखत नाही.

अमरावतीत अशा वेळी हमखास भूषण गवई यांचे नाव निघते. अमरावती विद्यापीठात कायदा शिकलेला आपल्या गावचा माणूस २०२५ मध्ये देशाचा सरन्यायाधीश झाला, याचा अभिमान आम्हालाही आहे. मात्र एका माणसाच्या यशावरून कॉलेजची निवड करू नये. त्यांच्या घरी सार्वजनिक जीवनाचा मोठा वारसा होता, तो प्रत्येकाकडे नसतो.

याच मुद्द्यावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास आम्हाला महत्त्वाचा वाटतो. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी, सारख्याच कॉलेजांनी ज्यांना प्रवेश देऊ केला होता पण ज्यांनी निरनिराळी निवड केली, अशांची त्यांनी तुलना केली. मोठ्या नावाचे कॉलेज सोडून लहान नावाचे घेतलेल्यांची पुढची कमाई साधारण इतरांइतकीच निघाली. मुलाची कुवत आणि जिद्द त्याच्याबरोबरच गेली होती. येथवर वाचून पहिल्या घरातील मामांनी शांत व्हावे. पण त्याच अभ्यासात एक अपवाद आढळला. कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्यांना मोठ्या कॉलेजचा स्पष्ट फायदा झाला होता. कारण उघड आहे. ज्याच्या घरी वकील, डॉक्टर, ओळखीपाळखी आहेत, त्याला हे सगळे कॉलेजात मिळवावे लागत नाही. ज्याच्या घरी काहीच नाही, त्याला वसतिगृहातील मित्र आणि दारे उघडून देणारे शिक्षक हेच भांडवल असते.

आपल्या धर्मग्रामात कोण बसते ते आपण जाणतो. कित्येक घरांत पदवीला जाणारे हे पहिलेच लेकरू आहे. मेळघाटातून येऊन येथे स्थायिक झालेली कुटुंबे आहेत. त्यांना आम्ही मंचावरून नम्रतेचे धडे देऊन जवळच्याच कॉलेजात थांबवले, तर पिढ्यान्‌पिढ्या शेवटच्या पंगतीत बसलेल्यांना पुन्हा तेथेच बसा म्हटल्यासारखे होईल. अशा मुलामुलींना मोठे कॉलेज मिळत असेल, तर त्यांनी जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पंजाबराव देशमुखांचेच पाहा. वऱ्हाडातील पापळसारख्या गावातून ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले आणि तेथून १९२० मध्ये विलायतेला. एडिंबरा आणि ऑक्सफर्ड येथे शिकले. ते निघाले तेव्हा अमरावतीत कॉलेजच नव्हते. किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजची विदर्भ महाविद्यालयाची संस्था, १९२३ मध्ये सुरू झाली. एवढी विद्या घेऊन ते अमरावतीला परतले आणि १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आज अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांनी वरची जागा घेतली, आणि मग खालच्यांसाठी पंगत मांडली. वडील मंडळींना आमची विनंती आहे की मुलगा-मुलगी पुण्याला गेली म्हणजे घर तुटले असे मानू नका.

याउलट संत जॉन हेन्री न्यूमन. १८२२ मध्ये ते ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचे फेलो झाले, विद्वानांत त्याहून मोठा मान क्वचितच होता. १८४५ मध्ये त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि ते सगळे सुटले. पुढे आयर्लंडच्या बिशपांनी डब्लिनमध्ये कॅथलिक विद्यापीठ काढले, १८५४ मध्ये त्याची सुरुवात न्यूमन यांनी केली. त्याच शहरात १५९२ पासूनचे ट्रिनिटी कॉलेज दिमाखात उभे होते. न्यूमन यांच्या विद्यापीठाला सरकारी सनद नव्हती, त्याच्या पदवीला कायद्याची मान्यता नव्हती, विद्यार्थी मोजके होते. वैद्यकीय शाखा तेवढी चांगली चालली. चार वर्षांत ते त्या पदावरून निवृत्त झाले. त्यांच्या हयातीत ते विद्यापीठ कधी नावारूपाला आले नाही. तेथे असताना त्यांनी विद्यापीठ म्हणजे काय यावर दिलेली व्याख्याने मात्र आजही वाचली जातात, आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य घोषित केले. त्या डब्लिनच्या वर्गात बसलेल्या आयरिश मुलांना हे काही माहीत नव्हते. त्यांनी कमी नावाचे विद्यापीठ घेतले, कारण तेथे त्यांना आपला विश्वास बाजूला ठेवावा लागत नव्हता. ही निवड मोकळ्या मनाने केलेली होती. डायलिसिसवाल्या घरातील मुलाची निवड आम्हाला याच जातीची वाटते.

मोकळे मन आहे की नाही हे कसे ओळखावे? संत इग्नेशियस यांनी एक साधी युक्ती सांगितली आहे. ज्याला आपण कधी पाहिलेही नाही अशा माणसाला, त्याचे भले व्हावे म्हणून, आपण काय सल्ला दिला असता ते आठवावे आणि तोच सल्ला स्वतः पाळावा. फर्ग्युसनच्या मुलीच्या वडिलांना आम्ही तेवढेच विचारले: शेजारच्या मुलाला इतके गुण असते तर काय सांगितले असते? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विचार करतो, फादर."

पैशाची अडचण खरी असते, ती आम्ही हलकी मानत नाही. पण २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. आपल्या अनेक घरांत इतर मागास वर्गाचे प्रमाणपत्र आहे आणि तरीही हे ठाऊक नसते. खोली आणि जेवणाचा खर्च उरतो, त्यासाठी काय करता येईल ते बसून पाहू.

ज्यांना अर्ज भरताना बोलायचे आहे त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर कचेरीत यावे. उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका सोबत असावी. आणि ज्याचा अर्ज आहे त्या मुलाला किंवा मुलीला घेऊन यावे. या आठवड्यात आलेल्या आईवडिलांपैकी बहुतेकांनी त्यांना घरीच ठेवले होते.

तुमचे धर्मगुरू