दूर केले, की नाहीसे केले?

मुंबईत देवनारच्या कचराभूमीवर 1927 पासून शहराचा कचरा पडत आला. पावसाचे पाणी त्या डोंगरात मुरते आणि कुजक्या थरांतून झिरपत काळसर, उग्र वासाचा द्रव होऊन बाहेर पडते. शास्त्रज्ञ त्याला लीचेट म्हणतात. अशा जुन्या कचराभूमींच्या तळाशी अस्तर नसते, आणि देवनारच्या तर कडेलाच ठाण्याची खाडी आहे.

कचरा ताजा असेतो या द्रवातील बहुतेक आम्ले जीवाणू फस्त करतात. वर्षे लोटली की उरतात ती ह्यूमिक द्रव्ये आणि प्लास्टिक, रंग, कीटकनाशके यांतून सुटलेली चिवट रसायने. जीवाणू त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. मग कठोर उपाय योजावा लागतो. हायड्रोजन पेरॉक्साइडला लोहक्षाराची जोड दिली की टार्टरिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होते, हे केंब्रिजच्या फेंटन यांनी 1894 साली मांडले. याच मिश्रणातून निपजणारा क्षणजीवी हायड्रॉक्सिल मूलक हट्टी रेणू तोडतो. त्यासाठी पाणी आधी आम्लधर्मी करावे लागते आणि मागे लोहाचा गाळ उरतो, तो पुष्कळदा पुन्हा कचराभूमीतच जातो! दुसरा मार्ग सूक्ष्म पटलातून गाळण्याचा. पाणी नितळ निघते. विष मात्र दाट होऊन पटलाअलीकडे शिल्लक राहते.

गाळणे म्हणजे दूर करणे, तोडणे म्हणजे नाहीसे करणे. या दोहोंतील फरक आम्हाला नीतीचा वाटतो. पापनिवेदनात क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य सुटत नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जक्कयाने चौपट परत देऊ केले. धनको सापडत नसेल तर शोध घ्यावा, आणि तरीही न सापडल्यास त्याच्या कल्याणार्थ दानधर्म करावा, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. येथे प्रकार उलटा आहे. खाडीत जाळे टाकणारा कोळी बांधव, म्हणजे धनको, समोर उभा आहे. ऋणकोंचीच नावे ढिगाऱ्यात पुसली गेली आहेत. रंगाचा डबा कोणाचा, औषधाची बाटली कोणाची, कोण सांगणार? तेव्हा ऋण सर्वांचे. कर भरला की आपण सुटलो, असे मानणाऱ्याने त्या करातून गाळण्याचा खर्च भागतो की तोडण्याचा, एवढे तरी विचारावे.

काही रसायनांपुढे मात्र फेंटनची प्रक्रियाही हतबल ठरते. न चिकटणाऱ्या तव्यांच्या आणि डाग न धरणाऱ्या कापडांच्या निर्मितीत वापरलेल्या कित्येक संयुगांतील कार्बन-फ्लोरिन बंध तिला सहसा दाद देत नाही. अशक्य गोष्टीचे बंधन कोणावर नसते, असे नीतिशास्त्र सांगते. तो नियम येथे लावण्यास आमचे मन धजत नाही; कारण ही संयुगे तुटत नाहीत हे ठाऊक असूनही ती बनविली जात आहेत.