खांब हलवून बघ

शहादा-तळोदा रस्त्यावरच्या एका फाट्यावर रोज सकाळी दोन सायकली येऊन थांबायच्या. दोघी चुलत बहिणी. थोरली बारावीला, धाकटी अकरावीला. गावात एसटी येत नाही, फाट्यावरूनच धरावी लागते. 12वीपर्यंतच्या मुलींना एसटी मोफत आहे आणि सायकली मानव विकास कार्यक्रमाच्या अनुदानातून आठवीत मिळालेल्या. पोरी शिकाव्यात म्हणून झालेली ही दोन्ही कामं मोठीच. पण फाट्यावर सायकल लावायची कुठे, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

थोरलीने शहाद्याहून जाड कड्यांची साखळी आणि भारी कुलूप आणलं. गावाच्या नावाच्या पाटीचा लोखंडी खांब होता, त्याला ती सायकल बांधायची. साखळी सांगाड्यातून आणि मागच्या चाकातून ओवायची. रीत अगदी बरोबर होती; नुसतं चाक बांधलं तर चाक राहतं आणि सायकल जाते.

धाकटीकडे साधी साखळी. ती आधी हापशाकडे गेली, तर बाया म्हणाल्या, "आम्ही हंडे कुठे ठेवायचे गं?" मग पिठाच्या गिरणीच्या खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून ती ओढू लागली. गिरणीवाले बाहेर आले.

"काय गं पोरी, गज उपटते का?"

"नाही काका, पक्का आहे का बघते. इथे सायकल बांधू का? संध्याकाळच्या गाडीने येते."

"बांध. पण दारात नको, पोती उतरतात. पलीकडच्या खिडकीला लाव."

कुलूप कसं लावायचं तेही त्यांनी दाखवलं. साखळीला झोळ ठेवायचा नाही. कुलूप जमिनीला टेकू द्यायचं नाही. खाली टेकलं की हातोडीचा घाव नीट बसतो. किल्लीचं तोंड खाली, म्हणजे पाणी शिरत नाही.

थोरली हसली. "तुझी साखळी कोणीही कापून नेईल."

तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. पाटीचा खांब त्या मातीत नुसताच रोवलेला होता. जुलैअखेर दोन दिवस झड लागली. वीज नव्हती म्हणून गिरणी बंद, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळी दोघी उतरल्या, तर खांब पाटीसकट आडवा पडलेला, खड्ड्यात गढूळ पाणी आणि चिखलात टेम्पोच्या चाकांचे ठसे. साखळी खांबाच्या बुडातून अलगद काढून, कुलपासकट सायकल उचलून नेली होती. खिडकीला बांधलेली सायकल जागच्या जागी होती.

"एवढं भारी कुलूप होतं माझं," थोरली रडायलाच लागली.

"त्या कुलपाला कोणी हातच लावला नाही, बाई," दुसऱ्या दिवशी गिरणीवाले म्हणाले.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेला थोरली गेली. एरवी पोरी तिथे बोलत नाहीत, ही बोलली. फाट्यावर लोखंडी पाइप हवा, सिमेंटमध्ये बसवलेला, रस्ता सोडून आणि गिरणीसमोर. पाइप पंचायतीने दिला, सिमेंट गिरणीवाल्यांनी. गवंडी आला, वीतभर खणून पहार बाजूला ठेवली आणि म्हणाला, "झालं."

थोरलीने खड्ड्यात हात घालून पाहिला.

"काळ्या मातीत एवढ्याने भागत नाही, मामा. अजून खणा."