इंटरनेट: दान, हक्क की सामाईक वाटा

स्वस्त इंटरनेट आणि ते वापरण्याचे शिक्षण लोकांपर्यंत पोचवणे हे वरवर पाहता कंपन्यांचे आणि शासनाचे काम दिसते. त्याच्या मुळाशी मात्र एक जुना नैतिक प्रश्न आहे. ज्ञानाच्या साधनावर माणसाचा वाटा येतो तो कोणत्या नात्याने: देणाऱ्याच्या औदार्याने, कायद्याने, की समाजाचा घटक म्हणून? शहरातल्या वस्तीत हा प्रश्न पैशाआड दडतो. तिथे टॉवर समोर असतो, रिचार्ज परवडत नाही. आंबोलीसारख्या गावात तो उघडा पडतो.

सावंतवाडीहून घाट चढून सुमारे 30 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळपास 700 मीटर उंचीवर आंबोली वसली आहे. वर्षाला 7 हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे पडतो. मोबाइलच्या लहरींना मध्ये डोंगर आला की पलीकडे जाता येत नाही, त्यामुळे अशा प्रदेशात रस्त्यालगत रेंज असते आणि खालच्या अंगाच्या वाडीत ती नाहीशी होते. दरड कोसळली की केबल तुटते, वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी संपते. घरे थोडी आणि विखुरलेली, म्हणून कंपनीच्या हिशेबात नवा टॉवर बसत नाही. 2020 च्या टाळेबंदीत याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कणकवली तालुक्यात, पशुवैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करावा लागला, कारण रेंज तिथेच मिळत होती. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले. ती झोपडी का लागली, हे विचारणे त्याहून निकडीचे होते.

पहिले उत्तर दानाचे. विद्यादानाला भारतीय परंपरेत मोठे पुण्य मानले आहे आणि ते मानणे योग्यच आहे. अडचण अशी की काय द्यायचे आणि किती द्यायचे, हे दाता ठरवतो. 2015 मध्ये फेसबुकने भारतात ‘फ्री बेसिक्स’ आणले, तेव्हा गरिबांना इंटरनेट फुकट मिळणार होते, पण त्या योजनेत बसणाऱ्या निवडक संकेतस्थळांपुरतेच. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 8 फेब्रुवारी 2016 रोजी मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली आणि ती योजना इथे थांबली. गरिबासाठी वेगळे, आखूड जग असू नये, हे त्या निर्णयामागचे खरे मूल्य. कोकणातल्याच गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी शंकराचार्यांचा आधार घेऊन दानाचा अर्थ योग्य वाटणी असा लावला होता. भूदान मागताना ते जमीनमालकाकडे घरातल्या आणखी एका मुलाचा वाटा मागत. या अर्थाने घेतले तर दान हक्काच्या अगदी जवळ येते.

दुसरे उत्तर कायद्याचे. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये फहीमा शिरीन खटल्यात इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये इंटरनेटवरील अभिव्यक्तीला आणि व्यवसायाला घटनेचे संरक्षण असल्याचे सांगितले. एप्रिल 2025 मध्ये त्याने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हे जगण्याच्या हक्काशी जोडले; तो खटला अ‍ॅसिडहल्ल्यातील पीडितांना आणि दृष्टिहीनांना ई-केवायसी करता येत नसल्याबद्दलचा होता.

पण कागदावरचा हक्क किती पुरतो, हे कोकणाने पूर्वीच पाहिले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये झाला. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले, तरी पाणी भरायला कोणी धजावू शकत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तळ्याच्या वादाचा कोर्टातला निकाल यायला 1937 उजाडले. महाडची कसोटी आजही लावता येते: ज्याच्यासाठी साधन खुले केले, त्याला ते स्वतःच्या हाताने घेता येते का?

तिसरे उत्तर सामाईकपणाचे, आणि ते आंबोलीच्या मातीतले आहे. आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांतली कबुलायतदार गावकर जमीन संस्थानकाळापासून सामाईक वहिवाटीची. पुढे सातबारावर शासनाचे नाव लागले आणि तो प्रश्न वर्षानुवर्षे गावांचा जिव्हाळ्याचा विषय झाला. सिंधुदुर्गात देवळात गाऱ्हाणे घातले जाते तेही सगळ्या गावासाठी. हे सामाईकपण मोलाचे आहे. तरी त्याच्या मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. बारा-पाचाच्या, म्हणजे गावातल्या परंपरागत मानकऱ्यांच्या, व्यवस्थेत मान ठरलेला असे, तो जन्माने येई आणि कित्येकांना उंबऱ्याबाहेर ठेवी. ग्रामपंचायतीत आलेली शासनाच्या भारतनेट योजनेची इंटरनेट जोडणी गावाची म्हणायची, तर ती खोली कोणाच्या किल्लीने उघडते आणि तिथे जायला कोणाला संकोच वाटतो, हे पाहावे लागेल.

कौशल्याचा प्रश्न इथेच येतो, आणि तो जोडणीपेक्षा अवघड आहे. लाडकी बहीण योजनेसाठी 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा, त्यावर आलेला ओटीपी मुदतीत भरायला हवा, आणि पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी हवा. रेंज नसलेल्या वाडीतली बाई त्यासाठी बाजारात सेवा केंद्रावर येते, फोन केंद्रचालकाच्या हाती देते, ‘किती झाले?’ म्हणून विचारते आणि पैसे देऊन परतते. काम झालेले असते. ते कसे झाले, तिच्या नावाने कशाला संमती दिली गेली, हे तिला कळलेले नसते. केंद्रचालक प्रामाणिक असला तरी हे परावलंबन संपत नाही. 1290 मध्ये नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत सांगितला गेला, तेव्हा मध्यस्थावाचून समजून घेण्याची वाट सामान्यांसाठी मोकळी झाली. डिजिटल शिक्षणाचे ध्येय त्याच जातीचे असायला हवे.

प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने 2017 पासून घरटी एक व्यक्ती शिकवण्याचे धोरण ठेवले. घरातली ती एक व्यक्ती बहुधा तरुण असते. आईचा आणि आजीचा फोन मग तिच्याच हातात जातो. खरे शिकवणे संथ असते: बाईने स्वतः ओटीपी वाचावा, कोणता आकडा कोणाला सांगायचा नाही हे ओळखावे, चूक झाली तर मागे कसे यायचे हे तिला ठाऊक असावे. यासाठी वाचनालये सर्वांत योग्य जागा आहेत. सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरासारख्या संस्थांनी एकोणिसाव्या शतकापासून या भागात सार्वजनिक वाचनाची सवय रुजवली आहे. तिथे आलेल्याला दाता भेटत नाही आणि गिऱ्हाईक म्हणूनही कोणी मोजत नाही.

शेवटची बाजू नकाराची. जोडणी हक्क असेल, तर ती न घेण्याची मोकळीकही त्यात आली. बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्याला, फोन नको असलेल्या माणसाला रेशन, पेन्शन आणि दाखला जुन्या वाटेने मिळत राहिला पाहिजे. घाटात दरड आल्यावर चार दिवस रेंज गेली, तर त्या चार दिवसांत तलाठी कार्यालयात कागदावर अर्ज घेणारा माणूस बसलेला असणे, हा त्या हक्काचाच भाग आहे.