चौकाबाहेरचे चित्र

जव्हारच्या पठारावरून डहाणू-तलासरीकडे उतरत जाणाऱ्या सह्याद्रीच्या मुलखात वारली आदिवासींच्या घरी लग्न निघाले, म्हणजे कुडाची भिंत शेणाने सारवून तीवर गेरू फिरवावयाचा आणि टोक चेचलेली बांबूची काडी तांदळाच्या पिठात बुडवून सवाशिणींनी चौक हे चौकोनी मंगलचित्र लिहावयाचे, ही पूर्वापार वहिवाट. चौकात पालघट देवी आणि शेजारी पंचशिऱ्या देव प्रकट झाल्यावाचून लग्न लागले असे कोणी मानीत नसे. त्या चित्राखाली कोणाची सही नसे, आणि पुढे भिंत पुन्हा सारवली की ते दिसेनासे होई, याची खंतही कोणाला नसे.

या मंगल चौकात जे कधीच उमटले नाही, तेही सांगितले पाहिजे. लग्नखर्चासाठी सावकाराकडून शे-दोनशे रुपये उचलणारा तरुण त्या रकमेपायी पत्नीसह वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबे; अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. 1945 मध्ये किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला, तो या वेठीविरुद्ध. त्याची हकीकत गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. ज्या विधीसाठी देवी भिंतीवर येई, तोच विधी माणसाला गहाण टाकी, हा विरोध ध्यानी घेतल्यावाचून या कलेविषयी गहिवरून बोलणे अप्रामाणिकपणाचे आहे.

गेल्या शतकाच्या सत्तरीत चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या चित्रांकडे शहराचे लक्ष वेधले, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या निमित्ताची वाट न पाहता नित्य चित्रे काढली, आणि 2011 मध्ये ते पद्मश्रीने सन्मानित झाले. चित्र भिंतीवरून कागदावर आले, त्याला सही आणि किंमत आली, आणि सवाशिणींच्या हातची काडी बव्हंशी पुरुषांच्या हाती गेली. यात परंपरेचा ऱ्हासच पाहणारे शुद्धतावादी मला पटत नाहीत. मशे यांनी पसरलेले मासेमारीचे जाळे ज्या अक्षय धीराने रेखाटले, तो धीर कोणत्याही बाजाराने दिलेला नव्हता. परंतु चौक लिहिणाऱ्या बहुतेक बायकांची नावे दफ्तरात राहिली नाहीत, ही हानी मात्र खरी आहे.

चित्राबरोबर त्याच्या पायाखालची जमीनही पाहिली पाहिजे. आज हा मुलूख ज्यात येतो त्या पालघर जिल्ह्यातून मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचा मार्ग जातो, आणि 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झालेल्या डहाणू तालुक्यातच वाढवण बंदर उभे राहावयाचे आहे. तारपा या वाद्याभोवती फेर धरलेली त्रिकोणी माणसे साड्यांवर आणि सरकारी भिंतींवर नाचत असताना त्यांच्या हाडामांसाच्या वंशजांना मात्र कसत्या जमिनीचा पुरावा दाखवीत कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दाव्याचा आरंभ करण्याचा अधिकार दिला आणि त्याखालील नियमांनी गावातील वृद्धांची लेखी जबानीही पुरावा म्हणून ग्राह्य धरली; म्हणजे मौखिक स्मृतीवर जगलेल्या समाजाची साक्ष कायद्याने मानली, ती अंमलदारांनी मानावयाची राहिली आहे.

समाजाची ओळख चित्रात असते हे अर्धेच सत्य आहे. पिठाला भात लागतो, काडीला बांबू आणि चौकाला स्वतःची भिंत. या तिन्ही वस्तू जमीन आणि जंगल यांवाचून येत नाहीत. दिवाणखान्यात वारली चित्र हौसेने लावणाऱ्या वाचकाने एवढे जाणावे की, कलासंवर्धनाच्या कोणत्याही योजनेआधी वनहक्काचे दावे निकाली निघणे, हेच त्या चित्राचे खरे जतन आहे.