गोतातली दया

इंग्रजीतला ‘काइंड’ हा शब्द मुळात दयेचा नव्हताच. जुन्या इंग्रजीत त्याचे नाते ‘किन’शी, म्हणजे गोताशी. जन्म, कूळ, स्वभाव हे त्याचे अर्थ. गोतातल्या माणसाशी वागावे तसे वागणे, यावरून तो हळूहळू मायाळूपणाकडे वळला. पण गोतातले कोण आणि बाहेरचे कोण? खानदेशाने हा प्रश्न फार जवळून पाहिला आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. भिल्ल नाईक घाटवाटा राखत आणि त्याबद्दल गावांकडून हक्क घेत. ती घडी विस्कटली तसे डोंगर पेटले. पलटणी पाठवूनही बंड शमेना. तेव्हा १८२५ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या सरकारने धोरण बदलले: मागचे गुन्हे माफ, कसायला जमीन, बैल-बियाण्याला तगाई आणि भिल्लांचीच एक पलटण. धरणगावला ती उभी केली बावीस वर्षांच्या जेम्स आउट्रमने. तो भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारीला जाई, त्यांच्यात मिसळे. त्याची आपुलकी खोटी ठरवणे अन्यायाचे होईल. मात्र माफी ज्याच्या हातात, शिक्षाही त्याच्याच हातात होती, आणि तीच पलटण पुढे बंडखोर भिल्लांवर धाडली गेली. १८५७-५८ मध्ये सातपुड्यात भिल्ल पुढारी खाज्या नाईक उठला, तो एकेकाळी ईस्ट इंडिया कंपनीच्याच नोकरीतला.

वरून खाली येणारी दया अशीच असते; ती देणाऱ्याची मर्जी सांभाळून जगते.

अमळनेरला १९२४ मध्ये शिक्षक म्हणून आलेल्या साने गुरुजींनी ही उंचीच काढून टाकली. छात्रालयातल्या मुलांचे कपडे धुणे, खोल्या झाडणे ही कामे ते स्वतः करत. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनीच उतरून घेतली. आणि मे १९४७ मध्ये विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून ते पंढरपुरात उपोषणाला बसले. त्यात उपकाराची भाषा नव्हती. दार ज्यांनी अडवले होते, त्यांच्या मनालाच ते हात घालत होते. तरीही दार उघडणे सवर्णांच्याच हाती राहिले, हे मान्य करायला हवे.

पुढचे पाऊल भिल्लांनी स्वतः टाकले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. तिथे भजने म्हणणारा भिल्ल कार्यकर्ता अंबरसिंग सुरतवंती सर्वोदयाच्या वाटेने पुढे आला आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. हातची गेलेली जमीन परत हवी, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराला रास्त मोबदला हवा, ही मागणी होती. इथे कोणाच्या मेहेरबानीची वाट पाहिली नाही. याच चळवळीत बायका एकमेकींसाठी धावल्या. गावोगाव फिरून त्यांनी दारूची मडकी फोडली आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला.