नदीचे देणे

देलिसियास म्हणजे स्पॅनिश भाषेत सुखे, आनंद. उत्तर मेक्सिकोतील चिवावा राज्यात ह्या नावाचे एक शहर आहे. नातीच्या नकाशात ते मला प्रथम दिसले, आणि वाळवंटात असे नाव कोणी ठेवले असेल, ह्या नवलाने मी त्याच्या मागे लागलो. थट्टा असावी असे वाटले होते. पण ती थट्टा नव्हती.

तेथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो दहा-बारा इंच. जे काही आहे ते कोंचोस नदीचे. पश्चिमेच्या तारावुमारा डोंगरांत ती उगम पावते आणि ओहिनागापाशी सरहद्दीवरील रिओ ग्रांदेला मिळते. १९१० ते १९१६ ह्या काळात, देशात राज्यक्रांतीची धामधूम चालू असताना, तिच्यावर ला बोकिया धरण उभे राहिले. तेही शेतीसाठी नव्हे, विजेसाठी. पुढे कालवे निघाले आणि १९३३ साली, मध्यभागी घड्याळाचा मनोरा ठेवून, देलिसियास आखले गेले. एरवी गाव आधी वसते आणि मग ते पाणी शोधते. येथे पाणी आधी आले व गाव मागाहून! कापूस पिकला, माणसे आली. आज शहर व भोवतालची खेडी मिळून वस्ती दीड लाखाच्या घरात आहे. लोक आपल्या गावाला अभिमानाने ‘वाळवंटाची विजेती’ म्हणतात.

पण विजय कोणावर मिळवला? वाळवंटावर म्हणावे, तर ते जेथल्या तेथे आहे. नदी मात्र पुढे वाहते, आणि पुढेही माणसेच राहतात.

१९४४ साली मेक्सिको व अमेरिका ह्यांच्यात पाणीवाटपाचा करार झाला. कोंचोस धरून सहा उपनद्यांतून, पाच वर्षांच्या सरासरीने, दरसाल सुमारे ४३ कोटी घनमीटर पाणी अमेरिकेला द्यायचे. त्यापैकी मोठा भार कोंचोसवर पडतो. २०२० साली मुदत भरत आली आणि सरकार ला बोकियाचे पाणी सोडू लागले, तेव्हा शेतकरी खवळले. ८ सप्टेंबरला काठ्या-दगड घेऊन त्यांनी पहारेकरी सैनिकांना हुसकावले व धरण ताब्यात घेतले. त्याच रात्री देलिसियासमध्ये सैनिकांच्या गोळीबारात, घरी परतणारी एक बाई प्राणास मुकली.

नातीने विचारले, “आजोबा, ते शेतकरी चोर होते का गं... का हो?” तिच्या गडबडीला मी हसलो, पण उत्तर देता आले नाही.

घाम गाळून माळ हिरवा करणाऱ्याला पाणी आपले वाटणारच. पण ह्या शेतकऱ्यांनी स्वतःला आणखी एका पेचात घालून घेतले आहे. कापूस एखादे वर्ष न पेरून भागते. आता तेथे लसूणघास आहे आणि पेकन नावाच्या अक्रोडाच्या मोठमोठ्या बागा आहेत. हे झाड फळावर यायला कित्येक वर्षे घेते, आणि त्याला तहान फार. पाऊस आला नाही म्हणून झाडाला यंदा थांब असे सांगता येत नाही. पावसाच्या भरवशापलीकडचे वचन झाडाला देण्याचा आपल्याला काय अधिकार, हा प्रश्न ज्याने रोप लावले त्यानेच विचारायला हवा होता, असे मला वाटते. अर्थात, घरात बसून असे म्हणणे सोपे आहे.

आणि मेक्सिको नुसताच देणेकरी नाही. त्याच कराराने त्याला कोलोरॅडो नदीतून दरसाल १८५ कोटी घनमीटर पाणी मिळते, म्हणजे देण्याच्या चौपटीहून अधिक. तेथे खालच्या अंगाला बसून वाट पाहतो तो मेक्सिकोच. मात्र ते पाणी दूर पश्चिमेला मेक्सिकालीच्या शेतांत जाते. देलिसियासच्या वाट्याला त्यातला थेंब येत नाही. एकत्र कुटुंबात थोरल्याने सही करावी, एका भावाने घ्यावे आणि दुसऱ्याने फेडावे, तसे हे आहे. धाकट्याची तक्रार खोटी नाही. पण सावकाराला तिच्याशी काय कर्तव्य? टेक्ससमधला शेतकरीही आकाशाकडेच पाहत बसला होता.

२०२० चे देणे ऑक्टोबरात फिटले ते कागदावर. सरहद्दीवरील जलाशयांत मेक्सिकोच्या नावे असलेले पाणी अमेरिकेच्या नावे लिहिले गेले. पुढचे चक्र २४ ऑक्टोबर २०२५ ला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संपले, तेव्हा देणे पुन्हा उरलेच होते. पेकन वेचण्याचे दिवस तेच. नातीने नकाशावर कोंचोसची निळी रेघ बोटाने ओहिनागापर्यंत नेली आणि विचारले, “इथून पुढे हिचे नाव का बदलते?”