दुखतंय, हे कोणाला सांगायचं?

27 नोव्हेंबर 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका गरोदर कच्च्या कैद्याला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. एप्रिल महिन्यात गोंदियाच्या रेल्वे सुरक्षा दलाने गांजाच्या प्रकरणात तिला पकडलं होतं, तेव्हा तिला दोन महिने झाले होते. सापडलेल्या मालाचं वजन व्यापारी प्रमाणातलं होतं, आणि अशा वेळी अमली पदार्थांचा कायदा जामिनाचं दार जवळजवळ बंदच करतो. सरकारी पक्षाने अर्जाला विरोध केला. गुन्हा गंभीर आहे, आणि बाळंतपणाचं म्हणाल तर कोठडीतही तिची योग्य ती काळजी घेतली जाईल, असं त्यांचं म्हणणं. न्या. उर्मिला जोशी-फलके यांना ते पुरेसं वाटलं नाही. बाळंतपण सरकारी दवाखान्यात होऊ शकेल हे खरं, पण तुरुंगाच्या वातावरणात जन्म देण्याचा परिणाम आईवर आणि मुलावर, दोघांवर होणार, हे नजरेआड करता येत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. प्रसंगाला साजेशी प्रतिष्ठा प्रत्येक माणसाला मिळायला हवी, कैद्यालासुद्धा.

बातमी तेवढ्यापुरती वाचली गेली आणि मागे पडली. माझ्या डोक्यात मात्र निकालापेक्षा सरकारी पक्षाचं ते वाक्य राहिलं. ‘योग्य ती काळजी घेतली जाईल.’ शाळेत आपण कर्मणी प्रयोग शिकतो, त्याचा सगळ्यात चलाख उपयोग सरकारी कागदावर होतो. काळजी घेतली जाईल. कोण घेणार? त्या वाक्यात कर्ता नाही. वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही, बोलणाऱ्याला ते मनापासून खरंही वाटत असेल. पण तुरुंगातल्या बाईच्या आजारपणाचा सगळा प्रश्न त्या गायब कर्त्यापाशी येऊन थांबतो.

घरी माणूस आजारी पडतो तेव्हा काय होतं? तो म्हणतो, दुखतंय. घरातलं कोणी कपाळाला हात लावतं, कोणी दोन शिव्या घालतं, पण शेवटी कोणीतरी गाडी काढतं. नागपुरात ‘मेडिकलला नेलं’ म्हटलं की शेजारीपाजारी समजतात, प्रकरण साधं नाही. कोणीच नेलं नाही तर माणूस स्वतः ऑटो करतो, उसने पैसे घेतो, एका डॉक्टरने हाकललं तर दुसऱ्याकडे जातो. या साखळीची पहिली कडी औषध नसते. ‘दुखतंय’ हा शब्द असतो, आणि तो उच्चारला की निदान उच्चारणाऱ्याचे पाय तरी त्याच्या बरोबर असतात.

तुरुंगात हाच शब्द बरॅकच्या दाराशी असलेल्या शिपाईबाईला सांगावा लागतो. तिला पटलं तर तो वर जातो. मग तुरुंगाच्या डॉक्टरला पटावं लागतं. बाहेरच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली की पोलीस बंदोबस्त लागतो. तो तुरुंगाचा स्वतःचा नसतो, पोलीस मुख्यालयाकडून मागवावा लागतो, आणि कैदी बाई असली तर त्यात महिला पोलीस हव्यात. त्या दिवशी शहरात मिरवणूक असेल, मंत्र्यांचा दौरा असेल, नागपुरात हिवाळी अधिवेशन असेल, तर ‘गार्ड मिळाला नाही’ एवढं तीन शब्दांचं कारण पुरतं. डॉक्टरने सोनोग्राफी लिहिली की पुढची तारीख, पुन्हा गार्ड. या रांगेत कोणीही क्रूर असण्याची गरज नाही. प्रत्येकाने थोडासा संशय घेतला आणि थोडासा उशीर केला, की गाठीचं निदान व्हायला वर्ष लागतं.

संशय घेणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. कैदी सोंग करतात. दवाखान्याची फेरी म्हणजे चार तास मोकळी हवा, रस्त्यावरची माणसं, कदाचित नातेवाइकाची चोरटी भेट. पळून जाण्याचे प्रकारही घडतात, आणि कैदी पळाला की निलंबन शिपायाचं होतं. शिवाय महाराष्ट्राला आजाराचं सोंग काही नवीन नाही. अटक झाली की त्याच रात्री छातीत कळ येणारे वजनदार लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी खासगी खोली तयार ठेवणारे दवाखानेही. गंमत अशी की त्यांच्या कळेवर विश्वास लगेच बसतो. त्या खोट्या कळेने जो अविश्वास पिकतो, त्याचं भाडं मात्र बरॅकमधली ती बाई भरते, जिच्या पाळीचं रक्त तीन आठवडे थांबलेलं नसतं.

कारण ती बाई आहे. आपल्या भाषेत ‘दुखणं अंगावर काढणं’ हा वाक्प्रचार आहे, आणि तो बायकांच्या बाबतीत जवळजवळ कौतुकाने वापरला जातो. अंगावरून पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, स्तनातली गाठ, या गोष्टी घरात सासूला सांगायलाही ती कचरते. तीच बाई गजाआडून, इतर पंधरा जणींच्या देखत, गणवेशातल्या अनोळखी बाईला हे कसं सांगणार? ती गडचिरोलीची माडिया असेल आणि मराठी धड येत नसेल, तर शब्दच संपले. डिसेंबर 2022 अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या सुमारे 5 लाख 73 हजार कैद्यांमध्ये महिला होत्या 24 हजारांच्या आत-बाहेर, म्हणजे शंभरात चार. एवढ्या थोड्या असल्यामुळे बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या तुरुंगाच्या एका कोपऱ्यात त्यांचा विभाग असतो, नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातही असाच. इमारत, वेळापत्रक, औषधांचं कपाट, सगळं आधी पुरुषासाठी ठरतं.

जुलै 2017 मध्ये मुंबईच्या भायखळा महिला तुरुंगात एकाच वेळी ऐंशीच्या आसपास बायकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. त्यांना जे. जे. रुग्णालयात हलवलं गेलं, चौकशी झाली, वर्तमानपत्रांनी दखल घेतली. ऐंशी जणींनी एकदम ओकारी काढली तर कोणी सोंग म्हणत नाही. मला हे उदाहरण फार अस्वस्थ करतं. एकीच्या दुखण्याला साक्षीदार म्हणून दुसऱ्या एकोणऐंशी जणी आजारी पडाव्या लागतात, तेव्हा एकटीने काय करायचं?

इथे एक आक्षेप नेहमी येतो. तो सभ्य माणसंही घेतात, मीही एकेकाळी घेतला आहे. बाहेरच्या गरीब बाईला तरी कुठे उपचार मिळतात? मेळघाटात, भामरागडच्या पलीकडे, आजही पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून नाला ओलांडावा लागतो. तिने कोणाचा गुन्हा केलेला नाही. मग गांजा वाहून नेणाऱ्या बाईला सोनोग्राफी, आणि हिला काहीच नाही, हा न्याय कुठला?

आक्षेपातलं दुःख खरं आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकतो. भामरागडच्या बाईकडे दवाखाना पोचला नाही, हा सरकारचा अपराध आहेच. पण तिची खाट उचलायला आलेल्या चार माणसांना कोणी अडवलेलं नाही. तुरुंगातल्या बाईच्या बाबतीत सरकारने नेमकं तेच केलं आहे. तिचा नवरा, आई, शेजारीण, ऑटोवाला, गावातली आशाताई, उसने पैसे देणारा किराणावाला, या सगळ्यांना सरकारने दाराबाहेर काढलं आणि कुलूप घातलं. ज्याने इतकी माणसं काढून घेतली, त्यांच्या जागी त्यालाच उभं राहावं लागतं. ही दया नाही, आणि चांगल्या वागणुकीचं बक्षीसही नाही. कोणाचं मूल तुम्ही खोलीत कोंडलंत, तर त्याला पाणी देण्याचं काम तुमच्याकडे आपोआप येतं, मूल कितीही खोडकर असो. शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणं. न्यायाधीश निकालपत्रात ‘सात वर्षे सक्तमजुरी आणि न तपासलेली गाठ’ असं लिहीत नाहीत. आणि आपल्या देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघांच्या बाबतीत तर निकालपत्रच अजून लिहिलेलं नाही.

हे तत्त्व सांगायला सोपं आहे, कारण गांजा नेणाऱ्या गरोदर बाईबद्दल आपल्याला कणव वाटू शकते. आता अवघड उदाहरण घेऊ. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला भूसुरुंगाचा स्फोट झाला आणि 15 जवान मारले गेले. बहुतेक याच मातीतली पोरं. त्या खटल्यात आरोपी असलेल्या माओवादी नेत्या निर्मला उप्पुगंटी यांना जून 2019 मध्ये अटक झाली. त्यांना स्तनाचा कर्करोग होता, तो पसरत गेला. भायखळ्याच्या तुरुंगातून त्यांना उपचारांसाठी नेलं-आणलं जात होतं. शेवटी शेवटी त्यांची मागणी सुटकेची नव्हती, निदान वेदना कमी होतील अशा ठिकाणी ठेवा, एवढीच होती. उच्च न्यायालयाने 2021 मध्ये त्यांना वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात हलवण्याची परवानगी दिली आणि एप्रिल 2022 मध्ये त्या तिथेच वारल्या. खटला संपला नव्हता.

या जागी मला त्या 15 घरांतल्या बायकांची आठवण होते, आणि त्यांना मी काय सांगणार आहे? तुमच्या नवऱ्याला शेवटचं पाणीही मिळालं नाही, आणि त्याच्या मृत्यूचा जिच्यावर आरोप आहे तिला मॉर्फिन मिळालं पाहिजे, असं? हो, मला तेच म्हणावं लागतं, आणि म्हणताना आवाज ठाम राहत नाही. पण मॉर्फिन नाकारल्याने त्या घरांना काय मिळालं असतं, हेही मला दिसत नाही. स्फोट घडवणारा माणूस समोरच्याच्या शरीराला निव्वळ निशाण समजतो. सरकारने हाडांत पसरणाऱ्या कर्करोगाकडे तसंच पाहिलं, तर त्या दोघांत फरक काय उरला हे मला कोणीतरी समजावून द्यावं.

दुसरं उदाहरण नागपूरचंच. शोमा सेन या नागपूर विद्यापीठात इंग्रजी विभागाच्या प्रमुख होत्या. निवृत्तीला दोनेक महिने उरले असताना, 6 जून 2018 रोजी, एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली. वय साठीच्या घरात, संधिवात, काचबिंदू, रक्तदाब. येरवडा, मग भायखळा. मार्च 2024 मध्ये तपास यंत्रणेने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की आता त्यांच्या कोठडीची गरज नाही. 5 एप्रिलला न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी जामीन दिला. यूएपीएची जामीनबंदी त्यांना प्रथमदर्शनी लागू होत नाही असं सांगताना न्यायालयाने त्यांचं वय आणि आजारपण यांचीही नोंद घेतली. मधली जवळजवळ सहा वर्षं गुडघे आणि डोळे काही न्यायालयाच्या तारखेसाठी थांबलेले नव्हते. साध्या फौजदारी कायद्यात स्त्री, आजारी आणि दुर्बळ यांच्यासाठी जामिनाची वेगळी सवलत फार जुनी आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही ती ठेवली. यूएपीए आणि अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र ती नाही. म्हणजे जिथे कोठडी सगळ्यात लांब, तिथेच आजारपणाला जागा सगळ्यात कमी.

अशा वेळी साखळी कुठे तुटते आणि कशाने पुन्हा जोडली जाते, हे पाहण्यासारखं आहे. मे 1982 मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात 15 स्त्री कैद्यांशी बोलणं केलं. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि 1983 च्या निकालात न्यायालयाने इतर आदेशांबरोबर हाही दिला, की समोर आणलेल्या अटकेतल्या व्यक्तीला मॅजिस्ट्रेटने स्वतः विचारावं, काही छळ झाला का, आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हे सांगावं. 2016 मध्ये भायखळ्यातल्या एका गरोदर कैद्याला मूल नको होतं, तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सांगितलं, की हा निर्णय त्या बाईचा आहे आणि कैदेत असल्याने तो हिरावला जात नाही. दोन्ही वेळी औषध नंतर आलं. आधी कुलपाशी संबंध नसलेलं कोणीतरी आत गेलं आणि विचारलं. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांत एक कलम आहे. वैद्यकीय निर्णय डॉक्टरनेच घ्यावा, आणि तुरुंगातल्या इतर कर्मचाऱ्यांनी तो डावलू नये. कागदावर ते किरकोळ वाटतं. ‘गार्ड मिळाला नाही’ या तीन शब्दांपुढे ठेवून पाहा.

माझ्या मते चाव्या सांभाळणाऱ्या माणसाकडे दुखणं खरं की खोटं हे ठरवण्याचं काम असूच नये. दहा जणींतल्या तिघी सोंग करून मेडिकलची फेरी मारून आल्या तर सरकारचं डिझेल जाईल. उरलेल्या सात जणींपैकी एकीवर अविश्वास दाखवला तर काय जाईल, ते मोजायला डिझेल हे माप नाही.

नागपूर खंडपीठाने त्या बाईला दिलेले सहा महिने हे सहाच महिने होते. त्यानंतर तिने परत हजर व्हायचं होतं. मूल तेव्हा पाच-सहा महिन्यांचं, अंगावर पिणारं. 2006 च्या आर. डी. उपाध्याय निकालानुसार सहा वर्षांपर्यंत ते आईजवळ आत राहू शकतं, आणि तुरुंगात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचं नाव येऊ द्यायचं नाही, अशी काळजीही त्या निकालाने घेतली आहे. ते आत गेलं, आणि एखाद्या रात्री त्याला ताप चढला, तर त्याला ‘दुखतंय’ म्हणताही येणार नाही. ते रडेल. त्याच्या आईला गजांपाशी जाऊन हाका मारून कोणालातरी उठवावं लागेल, आणि उठलेल्या बाईला ते रडणं भुकेचं नाही हे पटावं लागेल.